धालसिमच्या आगीचा भाव

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ आणला, तेव्हा खेळणाऱ्याला निवडता येतील अशा आठ योद्ध्यांमध्ये एक भारतीय होता. नाव धालसिम. हाडकुळा देह, तुळतुळीत डोके, गळ्यात कवट्यांची माळ, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाकडे लांबणारे हातपाय आणि तोंडातून निघणारा आगीचा गोळा. त्याची लढत होते ती जागा एखाद्या महाराजाच्या वाड्यातली. दोन्ही बाजूंना हत्ती आणि मागे गणपतीचे चित्र. हे पाहून हसावे की चिडावे हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याकडे पुढे यायचे आहे. आधी पाहायचे आहे ते त्या गोळ्याकडे. ‘योगा फायर’ हे त्याचे नाव. गेल्या तीन दशकांत मालिकेचे नवे भाग येत गेले, चित्रे सपाट होती ती त्रिमितीय झाली, धालसिमला दाढी आली, फेटाही आला. आणि त्याचा गोळा दर वेळी थोडा वेगळा वाटत राहिला. सर्वसाधारण समज असा, की तंत्रज्ञान सुधारत गेले तशी आगही मोठी आणि झगझगीत होत गेली. दिसण्यापुरते ते खरे आहे. पण या मालिकेचे भाग एकापुढे एक ठेवून पाहिले तर दिसते, की गोळ्यात फारसे काही बदललेले नाही. बदलत गेला तो त्याचा भाव, म्हणजे तो फेकणाऱ्याला काय मोजावे लागते आणि चुकवणाऱ्याला काय. तो भाव ठरतो भोवतालच्या नियमांत.

हे पटण्यासाठी मूळ यंत्रणा समजून घ्यायला हवी, आणि तिच्यासाठी धालसिमपेक्षा रियू सोयीचा. पांढऱ्या कराटे पोशाखातला हा जपानी तरुण मालिकेचा नायक. त्याच्या गोळ्याचे नाव ‘हादोकेन’. १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’चे दिग्दर्शक ताकाशी निशियामा यांनी ही कल्पना ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या जपानी कार्टून मालिकेतल्या तोफेवरून सुचल्याचे सांगितले आहे. त्या पहिल्या भागात गोळा निघणे महाकठीण होते, पण लागला तर मोजक्याच फटक्यांत सामना आटपे. तोफेचा वारसा तिथे शब्दशः उतरला होता. दुसऱ्या भागात अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या चमूने तोच गोळा घेतला, त्याचा मार सौम्य केला, तो काढणे सोपे केले: दांडा खाली, तिरका, पुढे आणि लगेच ठोशाचे बटण. मग त्यावर तीन बंधने घातली. पहिले, आपला एक गोळा पडद्यावर असेतो दुसरा फेकता येत नाही. दुसरे, गोळा सुटल्यावर फेकणारा क्षणभर जागीच अडकतो. त्या अवधीत त्याला ना अडवता येते ना हलता येते. तिसरे, दोन गोळे समोरासमोर आले की दोन्ही विरतात. शिवाय बटण हलके की भारी यावर गोळ्याचा वेग ठरतो. हळू गोळा सोडून त्याच्या मागोमाग चालत जाता येते. वेगवान गोळा समोरच्याला विचार करायला वेळ देत नाही.

या साध्या बंधनांतून जे उभे राहिले त्यावर पुढची तीस वर्षे लढाऊ खेळ जगले. रियूने गोळा फेकला की समोरच्यापुढे दोन मुख्य वाटा उरतात. तो अडवला तर मार चुकतो, पण आयुष्याच्या पट्टीतून थोडेसे झिजतेच. उडी मारली तर गोळा पायाखालून जातो, पण हवेत असलेल्याला दिशा बदलता येत नाही, आणि रियू खाली ‘शोर्युकेन’ हा उसळी मारून वर जाणारा ठोसा घेऊन तयार असतो. म्हणजे गोळ्याचे काम बहुधा लागणे हे नसतेच. समोरच्याला उडी मारायला भाग पाडणे, हे त्याचे काम. मात्र समोरच्याने गोळा सुटण्याच्या क्षणीच, अंदाज बांधून, उडी घेतली, तर अडकलेला रियूच सापडतो. गोळा फेकणे हा सौदा आहे. जितक्या लांबून फेकाल तितका तो सुरक्षित, जितक्या जवळून तितका जोखमीचा आणि तितकाच फायद्याचा, कारण जवळ फेकलेला गोळा लवकर संपतो आणि दुसरा लगेच हाताशी येतो.

धालसिमने हा सौदा उलटा मांडला. त्याला वर उसळणारा ठोसा नाही, चाल मंद, आणि गोळाही संथ. पण हातपाय लांबतात. गोळ्यावरून उडी मारणाऱ्याला तो दूर उभा राहूनच लाथ घालतो. त्यामुळे रियूचा गोळा समोरच्याला जवळ आणून मारतो, तर धालसिमचा गोळा त्याला दूरच ठेवतो. आग लागली की अंग पेटलेले दिसे, मुले ओरडत, पण जाणते खेळाडू त्या ज्वाळांकडे पाहत नसत. गोळा मंद असल्यामुळे पडद्यावर किती वेळ जागा अडवून धरतो, हे पाहत. १९९२ अखेरच्या ‘हायपर फायटिंग’ आवृत्तीत धालसिमला एका जागी अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या मिळाली. गोळ्याला हातही न लावता त्याचा भाव वाढला: गोळा पुढून येतोय आणि तो सोडणारा मागे उभा, अशी कात्री आता पकडता येऊ लागली.

बंधने काढली तर काय होते याचा पुरावा त्याच काळात आयता मिळाला. मूळ यंत्राची चिप बदलून बनवलेल्या नकली आवृत्त्या जगभर पसरल्या होत्या; त्यांतली ‘रेनबो एडिशन’ प्रसिद्ध. तिच्यात हवेतूनही गोळे सुटत, एकामागून एक सुटत, समोरच्याचा माग काढत जात. पाच मिनिटे धमाल, आणि मग कंटाळा, कारण फेकायला काहीच मोजावे लागत नसेल तर कधी फेकायचा हा विचारच संपतो. कॅपकॉमने त्या गोंधळातून वेग तेवढा उचलला. कंपनीच्या अमेरिकी शाखेतल्या जेम्स गोडार्ड यांनी या नकली आवृत्त्यांनीच ‘हायपर फायटिंग’ला चालना दिल्याचे पुढे सांगितले. हवेतला गोळा मात्र कॅपकॉमने त्या वेळी नाकारला, आणि १९९४ च्या ‘सुपर टर्बो’मध्ये दिला तो अकुमा नावाच्या एका लपलेल्या योद्ध्याला. परिणाम असा, की स्पर्धांमध्ये अकुमालाच मनाई झाली. हवेतून तिरका खाली येणारा गोळा टाळायला त्या खेळाच्या नियमांत पुरेशी वाटच नव्हती. गोळा दिसायला रियूचाच, जांभळ्या रंगाचा. पण ज्या जमिनीवर तो पडत होता ती त्याच्यासाठी आखलेली नव्हती.

क्रिकेट पाहणाऱ्यांना ही गोष्ट अनोळखी वाटू नये. बाउन्सर हा चेंडू शंभर वर्षांत बदलला आहे का? तोच आखूड टप्पा, तीच उसळी. पण हेल्मेट आले, १९९१ मध्ये आयसीसीने एका षटकात एका फलंदाजाला एकच बाउन्सर असा नियम केला, तीनच वर्षांत तो षटकाला दोन असा सैल केला, आणि दर वेळी त्याच चेंडूने गोलंदाजाला मिळणारे काही वेगळेच होते. ‘स्ट्रीट फायटर’च्या पुढच्या भागांत नेमके हेच घडत गेले, फक्त इथे नियम करणारी आणि चेंडू बनवणारी संस्था एकच.

सगळ्यात कडक नियम आला तो १९९७ च्या ‘स्ट्रीट फायटर ३’मध्ये. त्यात ‘पॅरी’ आली: फटका अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दांडा पुढे ढकलायचा, की फटका विरतो आणि काहीच झिजत नाही. जिथे मागे ओढून बचाव करायचा तिथे पुढे ढकलायचे. चुकले तर सरळ मार. ही सोय सगळ्यांना, सगळ्या फटक्यांवर. गोळा संथ आणि लांबून दिसणारा असल्याने तो पॅरी करणे सर्वांत सोपे. रातोरात हादोकेनची किंमत कोसळली. रियूचा गोळा पूर्वीसारखाच निघत होता, दिसायला अधिक देखणाही होता, पण त्याच्यामुळे कुणी उडी मारेना. उडी मारलीच तर हवेतही पॅरी करता येई, म्हणजे शोर्युकेनचा धाकही गेला. मग नव्या वाटा काढाव्या लागल्या. वेगळ्या पट्टीत साठवलेली शक्ती खर्चून दोनदा लागणारा ‘ईएक्स’ गोळा टाकायचा, म्हणजे पॅरी दोनदा जमावी लागते. किंवा गोळा रोखून धरायचा आणि समोरच्याच्या क्षणाच्या अंदाजाला चकवायचे. धालसिम या तिसऱ्या भागात नव्हताच. त्याला वगळण्याचे कारण काहीही असो, दूर राहून खेळणाऱ्याला त्या नियमांत जगणे जड गेले असते, हे मात्र नक्की.

प्रतिस्पर्धी कंपनीनेही त्याच सुमारास तोच रस्ता धरला, आणि तिने तर गोळाच छाटला. एसएनके कंपनीच्या ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये क्यो कुसानागी हा नायक जमिनीवरून सरपटत जाणारी आग फेकत असे. १९९६ च्या भागात ती आग त्याच्याकडून काढून घेतली गेली आणि त्याला जवळून मारायच्या ठोशांची मालिका मिळाली. र्‍यो साकाझाकी या दुसऱ्या योद्ध्याचा गोळा हातभर अंतरात विरू लागला. त्याच भागात कोलांटी मारून फटक्यातून पार जाण्याची आणि आखूड उडीची सोय आली. दोन्ही बदल एकाच निर्णयाचे दोन भाग होते: लढाई जवळून व्हावी. कॅपकॉमने भाव पाडून जे साधले, ते एसएनकेने माल कमी करून साधले.

इथे एक आक्षेप येतो. कुणी म्हणेल, एवढा तात्त्विक अर्थ कशाला? नवा भाग विकायचा तर काहीतरी नवे दाखवावे लागते. आग कधी निळी, कधी लाल, कधी मोठी, हे बाजाराचे गणित. यात तथ्य आहे. १९९३ च्या आवृत्तीत रियूला पेटता लाल गोळा मिळाला, पुढच्या वर्षी पाचदा लागणारा ‘शिंकू हादोकेन’. दोन्ही पोस्टरवर छान दिसत. पण विक्री हेच कारण असते, तर गोळा प्रत्येक भागात अधिक जबर होत गेला असता. तसे झालेले नाही. तिसऱ्या भागात तो जाणूनबुजून दुबळा केला गेला. ‘स्ट्रीट फायटर अल्फा’ या उपमालिकेत तर रियूला गोळा फेकल्याचे नुसते सोंग करता येते; हात पुढे येतात, गोळा येत नाही, आणि घाबरून उडी मारणारा सापडतो. पोस्टरवर छापण्यासारखे त्यात काहीच नाही. तरीही ते सोंग कुणीतरी बसून घडवले, कारण गोळ्याची धमकी ही गोळ्याइतकीच मोलाची झाली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की ही रचना वगैरे काही नाही. खेळाडू तक्रार करतात आणि कंपनी आकडे खालीवर करते. सेकंदाला साठ चित्रे फिरतात, त्यांतल्या दोन-चार चित्रांनी गोळा उशिरा सुटला की सामना फिरतो, आणि आता तर हे बदल इंटरनेटवरून घरबसल्या येतात. २००८ च्या ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये सगात हा गोळेफेक्या थायी मल्ल डोईजड झाला, तेव्हा २०१० च्या सुधारित आवृत्तीत त्याला उतरवले गेले. तक्रार आणि उतारा. पण याच खेळातली एक मोठी सोय आकड्यांच्या दुरुस्तीतून आलेली नव्हती. ‘फोकस’ नावाच्या चालीत खेळाडू एक फटका अंगावर झेलतो. जे आयुष्य गेले ते काही काळ राखाडी रंगात टिकून राहते आणि पुन्हा मार न बसल्यास परत मिळते. गोळ्यातून चालत जाता येते, पण उधारीवर. पॅरी फुकट होती, पण कौशल्य मागत होती. फोकसला कौशल्य कमी लागते, पण देणे डोक्यावर राहते. दोन आघात असलेला ईएक्स गोळा हा फोकस फोडतो, म्हणून तिसऱ्या भागातली ती खर्चिक युक्ती इथे वेगळ्याच कामाला आली. तिसऱ्या भागाने दिलेले धक्के चौथ्याने मागे घेतले, पण दुसऱ्याकडे परत न जाता. हे तक्रारपेटीतून सुचत नाही. लढाईत अंतराला किती मान द्यायचा याबद्दल कुणाची तरी ठाम भूमिका असावी लागते.

तोच मुद्दा आणखी एका ठिकाणाहून तपासता येतो. अकुमाला २०१६ मध्ये बंदाई नाम्कोच्या ‘टेकन ७’मध्ये पाहुणा म्हणून नेले गेले. टेकनमध्ये पडद्याला खोली आहे. खेळाडू बाजूला पाऊल टाकू शकतो. १९९४ मध्ये ज्याच्या गोळ्यांमुळे स्पर्धांत बंदी आली, त्याचाच जमिनीवरचा गोळा इथे एका आडव्या पावलाने निरुपयोगी ठरतो. गोळ्याचे चित्र आणि तो काढायची खूण तीच. अकुमा तिथेही बलवान ठरला, पण ते इतर कारणांनी.

आता धालसिमकडे परत. २०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये त्याचा योगा फायर सरळ जायचा थांबला. तोंडातून निघून तो वर चढू लागला आणि कमान करून खाली येऊ लागला. पहिल्यांदा पाहताना हा निव्वळ विचित्रपणा वाटतो. पण त्यामागचा हिशेब नीट आहे. सरळ गोळ्यावरून उडी मारता येते. कमानीने जाणारा गोळा उडी मारणाऱ्यालाच हवेत गाठतो. उलट जमिनीवरून धावत येणाऱ्यासाठी त्याच्याखाली मोकळी वाट राहते. म्हणजे पंचवीस वर्षांचा प्रश्न उलटा झाला: पूर्वी गोळा उडी मारायला लावी, आता तो उडी न मारता पुढे यायला लावतो, आणि पुढे येणाऱ्याच्या वाटेत धालसिमचा लांब हात असतोच. त्या भागात गोळा अडवताना होणारी झीज सहसा शेवटचा जीव घेऊ शकत नसे. तो मान फक्त सर्वांत महागड्या चालीला होता. लांबून गोळे टाकत टाकत दमवून मारणे त्यामुळे बंद झाले, आणि धालसिमला नुसता पळ काढता येईना.

जून २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने त्याला दोन्ही आगी दिल्या. सरळ जाणारा योगा फायर परतला आणि कमानीचा गोळा ‘योगा आर्च’ या नावाने वेगळ्या बटणावर गेला. त्याहून मोठा बदल भोवताली आहे. प्रत्येक खेळाडूकडे आता सहा खणांची ‘ड्राइव्ह’ नावाची शिल्लक असते. गोळा अडवला तर आयुष्य झिजत नाही, ही शिल्लक झिजते. ती शून्यावर आली की खेळाडू काही काळ थकतो आणि त्या काळात मात्र अडवलेला प्रत्येक गोळा आयुष्य खातो. शिवाय ‘ड्राइव्ह पॅरी’ने गोळा झेलला तर शिल्लक उलट वाढते. गोळ्याचा भाव इथे सामन्याच्या सुरुवातीला एक, मध्याला दुसरा आणि शेवटी तिसराच. एकाच सामन्यात चढउतार होणारी ही पद्धत मला आजवरच्या सगळ्या भागांत सर्वांत हुशार वाटते, जरी नव्या खेळाडूला ती समजायला वेळ लागतो आणि पडद्यावर पट्ट्यांची गर्दी जरा जास्तच होते.

राहिला तो सुरुवातीचा प्रश्न. योगी आग ओकत नाहीत, सहसा कवट्या घालत नाहीत, आणि हत्ती दारात बांधून राहत नाहीत. कॅपकॉमच्या कथेत ही आग अग्निदेवाच्या कृपेने मिळालेली, माळेतल्या कवट्या साथीत गेलेल्या गावातल्या मुलांच्या, आणि लढण्याचे कारण गावासाठी पैसे उभे करणे. तरीही चित्र बाहेरून पाहिलेले आहे. १९७६ च्या एका कुंग-फू चित्रपटातल्या हात लांबवणाऱ्या भारतीय योग्याशी धालसिमचे साम्य इतके उघड आहे, की तो भारताकडे पाहून काढला असेल यावर विश्वास ठेवणे कठीण. आक्षेप मान्यच करावा. पण त्यावरून त्याचा गोळाही फुटकळ ठरतो असे म्हणणे चूक होईल. ज्या चमूने भारताबद्दल आळशीपणे विचार केला, त्याच चमूने धालसिमच्या अंतराबद्दल बारकाईने विचार केला. आठांपैकी चौघांकडे गोळा होता, आणि लांबच राहणे हीच ज्याची सगळी पद्धत आहे असा त्यांच्यात तोच. हे दोन्ही एका पात्रात एकत्र नांदतात, आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

भाव ठरवणारी एक गोष्ट मात्र कॅपकॉमच्या हाती पूर्णपणे नाही. पूर्वी दोन खेळाडू एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे असत. आज हैदराबादच्या कुकटपल्लीत बसलेला खेळाडू पुण्यातल्या किंवा टोकियोतल्या खेळाडूशी घरूनच लढतो आणि दोघांची यंत्रे इंटरनेटवरून थेट बोलतात. पुण्याशी खेळताना गोळा दिसणे आणि उडी मारणे यांत पडणारी फट नगण्य. टोकियोशी खेळताना ती जाणवते. खेळाची प्रणाली ही फट झाकायचा प्रयत्न करते, पण पाहून प्रतिक्रिया देणे अवघड होतेच. जिथे पाहून उडी मारता येत नाही तिथे अंदाजाने मारावी लागते, आणि अंदाज चुकण्याची शक्यता वाढली की फेकणाऱ्याचे पारडे जड होते. घरी तालीम करून मोठ्या स्पर्धेच्या मंचावर जाणाऱ्याला हा फरक विसरून चालत नाही, कारण तिथे दोघे एकाच यंत्रावर खेळतात आणि गोळा पुन्हा स्वस्त होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मयंक प्रजापती आणि अयान बिश्वास हे दोन भारतीय खेळाडू ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये उतरले, तेव्हा सहावा भाग येऊन तीन महिने झाले होते. म्हणजे बाहेर सगळे जण ड्राइव्हच्या शिल्लकीचा हिशेब शिकत असताना त्या मंचावर गोळ्याला अजून जुनाच भाव होता, आणि धालसिम निवडणाऱ्याचा योगा फायर तिथे कमानीनेच जात होता.